न घेणं आणि मिळू न देणं

ताई, बोलायची पाळी माझी होती.

त्या मंगळवारी नर्सिंग होमच्या खाटेवर तू उशीला टेकून बसली होतीस. जिथे आठ वर्षं ड्यूटी केलीस तिथेच पेशंट होऊन, आणि तरी येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना सलाइन कसं लावायचं ते सांगत. मी दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा काढला. तू त्यावर एकच वाक्य बोललीस. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "याला माझ्याकडे उत्तर आहे. पण कॉलेजला उशीर होतोय, उद्या सांगतो." तू म्हणालीस, "आरामात सांग. मी कुठे चालले." बुधवारी सकाळी मी दाढी करत असताना फोन आला.

पेपरात तुझा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘सेवाभावी परिचारिका, काही काळ परदेशात वास्तव्य.’ त्या काही काळावरून आपण दोघं बहीण-भाऊ नऊ वर्षं भांडलो, हे छापणाऱ्याला कुठून माहीत असणार.

तो काही काळ म्हणजे इराकमधल्या मोसुल शहरातली सात वर्षं. तिथल्या सरकारी इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात तू नर्स होतीस. लग्नासाठी मागे लागलेल्यांना ‘माझं पोस्टिंग आलंय’ म्हणून गप्प केलंस आणि निघून गेलीस. नव्वद साली तिथल्या हुकूमशहानं शेजारचं कुवेत गिळलं, जगानं इराकशी सगळा व्यापार बंद केला आणि बाहेरची माणसं देश सोडू लागली. तू बसनं अम्मानला, तिथून विमानानं मुंबईला आणि मग रेल्वेनं उज्जैनला आलीस. मी स्टेशनवर घ्यायला आलो तेव्हा त्या उकाड्यात तुझ्या अंगात निळं स्वेटर होतं, कारण एकुलत्या एका बॅगेत ते मावलं नव्हतं. ऑटोत बसल्यावर पहिलं काय बोललीस ते मला अजून ऐकू येतं. "सुआदला नीट सांगून पण नाही आले रे, मन्या. तिची ड्यूटी होती."

सुआद तुझ्याच वॉर्डातली नर्स. तिचा नवरा त्याआधीच्या, इराणशी चाललेल्या लढाईत मेला तेव्हा ती पोटुशी होती. मुलगी झाली ती तुझ्या हातात. हनाला पहिल्यांदा तू पुसलंस, दुपट्यात गुंडाळलंस, आणि तेव्हा अरबी धड येत नव्हतं म्हणून तिच्याशी मराठीत बोललीस. तिला चौथ्या वर्षापासून फीट यायला लागली. रोज एक पांढरी गोळी घेतली की पोर शाळेत जायची, भांडायची, झाडावर चढायची. आपल्या फ्रीगंजमध्ये कुठल्याही मेडिकलवर मिळते अशी साधी गोळी.

त्या हिवाळ्यात आपल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय होता ‘बहिष्कार: अहिंसेचं शस्त्र’. राज्यशास्त्राचा प्राध्यापक, वय बेचाळीस, हॉल भरलेला. मी आजोबांपासून सुरुवात केली, त्यांनी लग्नातला विलायती कोट होळीत कसा टाकला ते सांगितलं, आणि मग म्हणालो की रक्ताचा थेंब न सांडता जुलमी सत्तेला वाकवायचं असेल तर तिचा व्यापार तोडावा, आज जग इराकच्या बाबतीत हेच करतंय. टाळ्या पडल्या. प्रश्नांच्या वेळी तू शेवटच्या रांगेतून उठलीस. चारचौघांत मला ‘सर’ म्हणालीस.

"सर, ज्यांच्या भल्यासाठी हे करायचं, त्यांना आधी विचारतात का?"

मी म्हणालो, "ताई, ऑपरेशन करताना डॉक्टर पेशंटच्या एकेका अवयवाची परवानगी घेत बसत नाही."

हॉल हसला. तू खाली बसलीस. परत येताना पुलावर आपण दोघंच होतो, खालून मालगाडी जात होती. ती जाऊ दिलीस आणि मग म्हणालीस, "पेशंटची सही घेतात रे. ऑपरेशनच्या आधी. ती घ्यायला मीच जायचे." एवढंच. घरी येऊन मला गरम वरण-भात वाढलास. त्या सभेतलं माझं वाक्य पुढे कितीतरी जणांनी मला ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी मला ती मालगाडी ऐकू आली. हे तुला कधी सांगितलं नाही.

लढाई तर झालीच. ती दीड महिन्यात संपली, पण व्यापारबंदी उठली नाही. सुआदची पत्रं यायची, कोणाकोणाच्या हातून अम्मानपर्यंत पोहोचून, दोन-तीन महिन्यांनी. मोडक्या इंग्रजीत, सरळ रेघेत लिहिलेली. मी तुझ्यापुढे पेपरचं कात्रण ठेवलं. "बघ, औषधांवर बंदी नाहीच. साफ लिहिलंय."

तू चष्मा लावून सगळं वाचलंस. मग विचारलंस, "अॅम्ब्युलन्सचा टायर औषध आहे का?"

"नाही."

"पाण्यात घालायचं क्लोरीन? लस ठेवायच्या फ्रिजचा पार्ट? तो पण नाही ना? मग बाळ हगवणीनं जातं आणि औषध कागदावर शाबूत राहतं."

"पण ताई, त्यांचा तो माणूस महाल बांधतोय. त्याच पैशात गोळ्या नाही घेऊ शकत?"

"घेऊ शकतो," तू म्हणालीस. "मी त्याची बाजू घेत नाहीये, मन्या. त्याच्या पोलिसांनी वॉर्डातून उचलून नेलेली माणसं मी पाहिलीत, तू नाही. त्याला तोफा नका देऊ. त्याची बाहेरची घरं जप्त करा, त्याच्या पोरांची विमानं उतरवा. पण ज्या माणसाला आपल्या लोकांची फिकीरच नाही, त्याला त्याच लोकांच्या भुकेची धमकी देऊन काय मिळणार?"

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी दीर्घकालीन परिणामांबद्दल असणार.

ते दिवस आठवतात? फ्रीगंजमध्ये रोज नवं काहीतरी येत होतं. विदेशी चॉकलेटं, केबलचे चॅनल, आणि इतक्या वर्षांनी परत आलेलं ते काळं विलायती थंड पेय. माझ्या लेकीच्या, मृणालच्या वाढदिवसाला तिनं गच्चीवर त्याच्या बाटल्या आणल्या. मी घेणार नाही म्हणालो, आजोबांचा नातू म्हणून. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर ना, हद्द करता." तू मात्र माझ्यासाठी कैरीचं पन्हं करून आणलंस आणि म्हणालीस, "त्याचं हे बरोबर आहे. बाटली त्याच्यासमोर आहे, तोंड त्याचं आहे. तो स्वतः घेत नाहीये. आजोबांनी पण स्वतःचा कोट टाकला, शेजाऱ्याच्या अंगावरचा नाही ओढला." मग मृणालच्या बाटलीतला एक घोट तू घेतलास, नाक मुरडलंस आणि पुन्हा घेतलास. सगळे हसले. मीसुद्धा. पण मला ते वाक्य लागलं होतं. स्वतः न घेणं आणि दुसऱ्याला मिळू न देणं, या दोन गोष्टी मी वीस वर्षं एकाच धड्यात शिकवत होतो.

त्याच पावसाळ्यात सुआदचं पत्र आलं की हनाच्या गोळ्या शहरात कुठेच मिळत नाहीत. तू पोस्टात गेलीस. खिडकीतला बाबू म्हणाला, "मॅडम, उधर का पार्सल बंद है. ऊपर से ऑर्डर है." तो भला माणूस होता. तू समोरून हलेनास, तेव्हा त्यानं तुला बसायला स्टूल दिलं.

मग तुला सकीनाबेन आठवल्या. बोहरा बाखल मोहल्ल्यातल्या, नर्सिंग होममध्ये ज्यांच्या सासूची सेवा तू तीन महिने केली होतीस. बोहरी लोक करबला-नजफच्या यात्रेला इराकमध्ये जातात. त्यांचा जत्था अम्मानवरून निघणार होता. त्यांनी एका शब्दात हो म्हटलं. तेव्हा तू माझ्याकडे आलीस. कधी काही मागायची सवय नव्हती तुला, म्हणून पदराशी चाळा करत उभी राहिलीस.

"तुझ्या कॉलेजच्या कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून दे. की या गोळ्या एका आजारी मुलीसाठी आहेत, विकायला नाहीत. बॉर्डरवर सकीनाबेनला कोणी परेशान करायला नको."

मी नाही म्हणालो. पूर्ण वाक्यात म्हणालो, ते आता लिहायलाच हवं: "एकेकाला सूट दिली की बंदीला अर्थ राहत नाही, आणि त्यात कॉलेजचं नाव मी गुंतवणार नाही." तू "ठीक आहे" म्हणालीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. सकीनाबेन कागदाशिवाय गेल्या, गोळ्या पोहोचल्या, सुआद बगदादला येऊन घेऊन गेली. मी मनात म्हटलं, बघा, माझ्या कागदावाचून काही अडलं नाही.

पुढच्या वर्षी सकीनाबेनच्या यजमानांची बायपास झाली आणि त्यांचं जाणं राहिलं. तू दुसरं कोणी शोधत होतीस. इंदौरला दोनदा जाऊन आलीस. एका दुपारी मी तुझ्या खोलीत डोकावलो तर तू मांडीवर पत्र घेऊन बसली होतीस. मोसुलमध्ये नळाला पाणी नव्हतं. हना दहा वर्षांची झाली होती, आईसाठी नदीवर डबा भरायला गेली होती. काठावर तिला फीट आली. पाणी गुडघाभर होतं.

मी तुझ्या शेजारी बसलो. आणि ताई, मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "त्या सरकारनं गोळ्या आणल्या असत्या तर..."

तू पत्राची घडी घातलीस. आवाज चढला नाही तुझा. "हो. तेही खरं आहे. पण मन्या, दोघांनी मिळून एका पोरीचा हात सोडला, तर एकाचा गुन्हा अर्धा होतो का?"

महिनाभर आपण फक्त दूध, वीज आणि पाहुण्यांबद्दल बोललो. मग एकदा मी माधवनगरच्या भाजीबाजारातून तुझी आवडती गराडू, ती कंदाची भाजी, आणली, तू ती तळलीस, वर मसाला भुरभुरून माझ्यापुढे ठेवलीस, आणि आपलं बोलणं परत सुरू झालं. तू गोळ्या पाठवणं थांबवलं नाहीस. हना नव्हती, पण सुआदच्या वॉर्डात बाकीची मुलं होती. दर जत्थ्याबरोबर डबा जायचा. मी बघायचो आणि काही बोलायचो नाही. ते माझं मोठेपण आहे असं मला वाटायचं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपल्या देशानं अणुचाचणी केली. टॉवर चौकात पेढे वाटले, मीही खाल्ला. मग अमेरिकेनं आपल्यावरच निर्बंध लादले. मृणालला तिकडच्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली होती. विषय होता गव्हावरचा तांबेरा रोग. तिचा व्हिसा अडकला. कोणी नीट कारणही देईना. मी स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो, तू लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतीस.

"हे कोण आपल्याला शिक्षा देणारे? आणि द्यायची तर दिल्लीला द्या. माझ्या पोरीनं काय बॉम्ब बनवला? तिला कोणी विचारलं होतं?"

कैऱ्या फोडायचा तुझा अडकित्ता थांबला. माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. आता ही म्हणणार, आणि म्हणायचा हिला हक्क आहे. तू म्हणालीस, "मृणाल, चहा टाक गं बाबासाठी." चहा झाल्यावर, मृणाल बाहेर गेल्यावर, म्हणालीस, "तुझं बरोबर आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "तिचं एक वर्ष जाईल. वर्ष भरून निघतं." तू हनाचं नाव घेतलं नाहीस. माझ्यासाठी तू काय काय गिळलंस, त्यातलं हे मला दिसलेलं.

मृणाल पुढच्या वर्षी गेली. तू तिला तेच निळं स्वेटर दिलंस, थंडी असते म्हणून. परवा फोनवर ती बराच वेळ नुसती रडत होती.

आता त्या मंगळवारचं. मी म्हटलं होतं, "दक्षिण आफ्रिकेचं काय? तिथे बहिष्कारानं काळ्या लोकांना फायदाच झाला ना. मग सगळेच निर्बंध वाईट कसे?" तू म्हणालीस, "तिथे ज्यांना झळ लागणार होती त्यांनीच सांगितलं होतं, घाला. सही केली होती."

माझं उत्तर असं होतं: ताई, सगळ्यांनी नव्हती केली. खाणीत काम करणाऱ्या एकेका माणसाला कोणी विचारलं? त्यांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या वतीनं सांगितलं. आणि जिथे हुकूमशहा तोंडच उघडू देत नाही, तिथे सही घ्यायची कोणाची? सही नाही म्हणून जगानं कुवेत गिळू द्यायचं? लढाई नको, बंदी नको, तर मग काय? हे विचारायला मी येणार होतो. मला हा प्रश्न अजूनही खरा वाटतो. तू गेलीस म्हणून मी तुझ्याशी पूर्ण सहमत झालो असं लिहिलं तर तुला ते आवडणार नाही. पेशंट गेला म्हणून चार्टवरचा ताप खोडायचा नसतो, असं तूच काहीतरी म्हणाली असतीस. तुझं उत्तर काय असतं, याचा मी सोळा दिवस अंदाज करतोय. कधी वाटतं, तू म्हणाली असतीस, "मला नाही माहीत, मी नर्स आहे." आणि मग त्यापुढे असं एक वाक्य, जे मला सुचत नाहीये.

तेराव्याला सकीनाबेन आल्या होत्या. त्यांच्या त्या फुलाफुलांच्या रिद्यात, बोहरी बायकांच्या पायघोळ झग्यात, हातात डबा. सगळे जेवून गेल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या. मी सहज म्हणालो, "पहिल्या वेळेस तुम्हाला बॉर्डरवर त्रास झाला नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "सिंधूबेन ने आपको नहीं बताया?"

मग त्यांनी सांगितलं. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं डबा उघडला, इतक्या गोळ्या कोणाच्या म्हणून विचारलं, कागद मागितला. कागद नव्हता. सकीनाबेन म्हणाल्या, माझ्याच आहेत, मला मिरगीचा, फीट यायचा आजार आहे. त्याला खरं वाटेना. "तो मैंने उसके सामने दो खा लीं, प्रोफेसर साहब. पानी भी नहीं था, थूक से निगलीं." त्या करबलापर्यंत बसमध्ये बेशुद्धासारख्या झोपल्या. ज्या दर्शनासाठी आयुष्यभर पैसा-पैसा जोडला होता, त्याच्या पहिल्या दिवशी त्यांना दोघींनी धरून नेलं. काय पाहिलं ते त्यांना आठवत नाही.

"सिंधूबेन बहुत रोई थीं सुनकर," त्या म्हणाल्या. "फिर बोलीं, मेरे भाई को मत बताना. वो दिल का बुरा नहीं है, उसको बहुत लगेगा."

ताई, चार वर्षं तू हे जवळ ठेवलंस. हनाचं पत्र मांडीवर असताना, स्वयंपाकघरात, त्या खाटेवर, त्यानंतरच्या प्रत्येक वादात तुझ्या हातात हे होतं. एकदा काढलं असतंस तर मी कायमचा गप्प झालो असतो. तुला मी गप्प व्हायला नको होतो, की मला लागायला नको होतं? दोन्ही असेल. मी सकीनाबेनच्या पाया पडायला वाकलो तर त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, महिन्याभरात त्यांचा जत्था पुन्हा निघतोय. मी त्यांना सांगितलं की या वेळेस कागद मिळेल. त्याच संध्याकाळी लिहून दिला.

आज तुझ्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि त्यांच्या शेजारच्या मेडिकलवर गेलो. सुआदलाही पत्र लिहिलंय. तू गेल्याचं कळवलं, आणि तिच्या वॉर्डातल्या मुलांची नावं कळव, आणखी काय हवं तेही त्यांच्या आयांना विचारून कळव, असं लिहिलं. पंचवीस वर्षं मी ‘राष्ट्र’ आणि ‘जनता’ शिकवतोय. त्या देशातल्या कोणाला काही विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील.

दुकानदारानं गोळ्या काढल्या, रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून विचारलं, "भाईसाहब, मरीज़ का नाम?"

मला एकही नाव माहीत नव्हतं. मी तुझं सांगितलं. तो तुला ओळखत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.